बिनहळदीचा घास

रामनगरच्या पार्वतीबाईंना जन्मभर दोन गोष्टींची शिसारी होती, एक उंदीर आणि दुसरा साप. उंदीर घरच्या दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांना भोकं पाडतात म्हणून, आणि साप हा साप असतो म्हणून. नागपंचमीला मातीच्या नागोबापुढं त्या दूध-लाह्या ठेवायच्या, हात जोडायच्या आणि मनात एवढंच मागायच्या की बाबा रे, तू असाच मातीचा राहा. देवाला ते नीट ऐकू गेलं नसावं. साठीला टेकल्यावर त्यांच्या घरात जिवंत साप आला, आणि पाठोपाठ त्याच्या जेवणाचे उंदीरही आले.

दोन्ही आले ते सुनेच्या माहेरच्या सामानातून. सून पूजा, बेळगावची. लग्नाआधी ती एका जनावरांच्या डॉक्टरांकडे कामाला होती. तिथं कुणीतरी एक आफ्रिकेतल्या जातीच्या अजगराचं पिल्लू आणून टाकलं आणि परत न्यायला आलंच नाही. पूजानं ते पेन्सिलीएवढं असल्यापासून वाढवलं. आपल्या रानातले अजगर बकरं गिळतात, हा मात्र वाढून वाढून दीड हात झाला आणि थांबला. तपकिरी अंगावर गुळाच्या रंगाचे पट्टे, विष नाही, चावणं नाही. भ्याला की अंगाचा गोळा करून डोकं मधोमध लपवायचा. कन्नडात गोल म्हणजे गुंडू, म्हणून त्याचं नाव गुंडू. आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा, पण हा परदेशचा, आणि त्याची वनखात्यात रीतसर नोंद होती. रामनगरच्या रानानं वेढलेल्या जोयडा तालुक्यात वनखात्याचा कागद देवाच्या कौलापेक्षा मोठा, त्यामुळं सासऱ्यांनी, म्हणजे परशुरामांनी, तो कागद एकदा डोळ्यांखालून घातला आणि विषय मिटवला.

पार्वतीबाईंनी मात्र मिटवला नाही. त्या बोलल्या नाहीत एवढंच. सुनेच्या खोलीत काचेची पेटी, पेटीत फुटकं मडकं, मडक्यात गुंडू, आणि कोपऱ्यात एक बुटका फ्रीज. त्या फ्रीजमध्ये काय असतं ते कळल्यावर त्यांनी त्या खोलीचा केर काढणंच सोडून दिलं.

आणि मग श्रावणातल्या एका सकाळी झाकण नीट न लागल्यानं गुंडू पेटीतून निसटला. घरात कुठं सापडेना. सापडला तो घराला लागूनच्या दुकानात, पोह्यांच्या पोत्यांमागं, तेही गिऱ्हाइकांची गर्दी असताना. शेजारची देवकी काउंटरवर चढली. एका माणसानं काठी उचलली. पूजानं धावत येऊन गुंडूला उचलून छातीशी धरलं, आणि पार्वतीबाईंच्या तोंडून सगळ्यांदेखत निघालं,

"एक दिवस न्हेऊन काळी नदीत सोडून येतो बघ ह्याला."

पूजानं मान वर केली नाही. "मग मलाबी सोडा," असं ती म्हणाली ते फक्त पार्वतीबाईंनाच ऐकू गेलं. त्या दिवसापासून सुनेच्या खोलीचं दार बंद राहू लागलं, आणि घरातलं बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण मागं येत नाहीत म्हणतात. पार्वतीबाईंना तर तो शब्द दुसऱ्या दिवसापासूनच सलत होता, पण सुनेपुढं जाऊन ते सांगणं त्यांच्या पिढीला शिकवलेलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. दिवाळीनंतर ओटी भरली आणि पूजा बेळगावला निघाली. माहेरचं घर दोन खोल्यांचं, त्यात भावाची दोन लहान मुलं, तिथं गुंडूला नेणं शक्य नव्हतं. नवरा विनायक गणेशगुडीला कामाला. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी सुटतं तेव्हा फेसाळलेल्या काळी नदीत पर्यटकांची रबरी नाव घालणारा हा गडी, पण मेलेला उंदीर बघितला की तो खोलीबाहेर पळायचा. परशुरामांनी तर आधीच कानांवर हात ठेवले होते. मग उरलं कोण?

निघायच्या आधी पूजानं सासूला सगळं दाखवलं. पार्वतीबाई पदर नाकाला लावून दारात उभ्या राहून बघत होत्या. बंगळूरहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून येणारे हे उंदीर, पांढरेशुभ्र, दुकानातल्या चोरट्यांशी त्यांचं काही नातं नाही. आदल्या रात्री एक काढून झाकणाच्या डब्यात खालच्या कप्प्यात ठेवायचा, म्हणजे हळूहळू सुटतो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. उकळतं पाणी नको, नाहीतर वरून शिजतो आणि आत बर्फ राहतो. पोटाला बोटानं दाबून बघायचं, आत खडा लागता कामा नये. अंग जिवंत जनावराएवढं ऊबदार झालं की पुसून, लांब चिमट्यानं शेपटीकडून धरून गुंडूपुढं हलवायचा. त्याला वाटलं पाहिजे की जिवंत आहे. एकदा सुटलेला उंदीर परत बर्फात ठेवायचा नाही. खाल्ला नाही तर पुरून टाकायचा.

"जमंल?" असं पूजानं विचारलं. पार्वतीबाईंनी मान डोलावली. दोघींच्याही मनात पोह्यांच्या पोत्यांमागचं ते वाक्य होतं, आणि दोघीही फ्रीजकडं बघत उभ्या होत्या.

हे काम आपण का पत्करलं ते पार्वतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. तोंडानं जे बिघडलं ते हातानं सुधारावं, एवढाच त्यांचा हिशोब होता. पूजा परत येईल तेव्हा गुंडू धडधाकट असला पाहिजे. तो दगावला तर कुणाच्या बापाला पटेल की आपोआप दगावला? काळीत सोडीन म्हणणारी सासू, आणि तिच्याच ताब्यात साप मेला. एवढं झालं की सून बेळगावातच राहील, मुलगा तिच्यामागून जाईल, आणि नातवंडाला बघायला बसनं जावं लागेल पाहुण्यासारखं. विनायकनं बेळगावात नोकरीची चौकशी सुरू केल्याचं त्यांच्या कानावर आलंच होतं.

म्हणून पहिल्या खेपेला त्यांनी सगळं मन लावून केलं. पूजाच्या रीतीत त्यांना एकच उणीव दिसली होती, आणि ती इतकी साधी होती की त्यावर बोलावं असंही त्यांना वाटलं नाही. पोरीनं उंदीर पुसला आणि तसाच दिला होता. हळद नाही, मीठ नाही. कोंबडी असो, बांगडा असो, काळीतला मासा असो, पार्वतीबाईंच्या स्वयंपाकघरात कुठलंही मांस हळद-मीठ चोळून, घटकाभर ठेवून, धुऊन घेतल्याशिवाय पुढं सरकत नसे. त्यांच्या आईनं तसंच केलं, सासूनं तसंच केलं. हळदीशिवाय मांसाचा वास जात नाही, बाधाही जात नाही. हल्लीच्या पोरी घाईच्या, असं म्हणून त्यांनी ती कसर भरून काढली. वेगळी वाटी, वेगळा चमचा, वेगळं फडकं घेतलं. नाकाला पदर बांधला. डोळे अर्धे मिटून उंदराला हळद-मीठ चोळलं, धुतलं, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवलं. पोट दाबून बघितलं. पुसला. चिमट्यात धरला आणि दिवा मंद करून पेटीचं झाकण उघडलं.

गुंडू मडक्यातून बाहेर आला. जीभ आतबाहेर करत उंदराच्या अगदी जवळ आला. तिथं थांबला, आणखी एकदोनदा जीभ काढली, आणि सावकाश मागं वळून मडक्यात गेला.

पार्वतीबाईंना वाईट वाटलं. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं, पण वाटलं हे खरं. आपण रांधलेलं ताटात टाकून कुणी उठून गेलं की बाईमाणसाच्या जिवाला जे लागतं, तेच त्यांना लागलं. उंदीर त्यांनी परसातल्या केळीच्या बुंध्याशी पुरला.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. पार्वतीबाईंना वाटलं, आपलीच काहीतरी हयगय होत असेल, म्हणून हळद जरा जास्त लावली. कोंबडीला वास मारत असेल तर त्या तेच करायच्या. गुंडूनं त्या दिवशी मडक्यातून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. केळ मात्र तरारून आली.

बेळगावहून पूजाचा फोन यायचा. चौकशी आधी गुंडूची, मग घराची. रात्रीच खाली काढता न्हवं? व्हय. पाणी कोमटच न्हवं? व्हय. हाताला साबणाचा वास तर नसतो? न्हाई. पूजा एकेक गोष्ट खोदून विचारायची आणि पार्वतीबाई खरी उत्तरं द्यायच्या. हळदीचं तिनं विचारलं नाही, कारण ते कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. पार्वतीबाईंनी सांगितलं नाही, कारण हात धुतले हे काय कुणी सांगत बसतं?

थंडीत असले साप मधेच खाणं सोडतात, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं पूजा म्हणाली. तेवढ्यावर थोडे दिवस गेले. पण गुंडू उतरत चालला होता. पाठीचा कणा कातड्याखालून दिसू लागला.

इकडं पार्वतीबाईंचं मात्र त्या खोलीत बसणं वाढलं होतं. पूजा गेल्यापासून घर खायला उठत होतं. परशुराम दिवसभर दुकानात, विनायक गणेशगुडीला, आणि सुट्टीच्या दिवशी तो बेळगावला पळायचा. दुपारची भांडी झाली की त्या पेटीजवळ स्टूल घेऊन बसायच्या आणि तांदूळ निवडायच्या. निवडता निवडता बोलायच्या. देवकीच्या जावयानं नवी गाडी घेतली, दिग्गीकडची बस पुन्हा बंद पडली, आज काउंटरवर बसून बसून ह्यांचे गुडघे दुखतायत. गुंडू ऐकून घ्यायचा. घरात आजवर त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. पेटीखाली विजेची गरम चटई होती, पण रामनगरची वीज म्हणजे लहरी पाहुणा. ती गेली की पार्वतीबाई आपल्या कमरेची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून, फडक्यात गुंडाळून पेटीखाली सारायच्या. स्वतःची कंबर मग रात्रभर ठणकायची.

असं असूनही तो खात नव्हता. आणि फ्रीजमध्ये आता एकच उंदीर उरला होता.

संक्रांत झाली त्या आठवड्यात पूजाचा फोन आला. आवाज थकलेला होता, दिवस भरत आले होते. पार्वतीबाईंनी सांगितलं की कालही त्यानं तोंड लावलं नाही.

"आत्ती," पूजा म्हणाली, "खरं सांगा. तुम्ही देताय न्हवं त्याला?"

पार्वतीबाईंना उलट बोलावं असं फार वाटलं. आत्ता राग आला असता तर बरं झालं असतं, पण आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच विचारलं असतं, हे त्यांना कळत होतं.

"न देऊन काय करू गं?" एवढंच त्या म्हणाल्या.

मग पूजानं सांगितलं की डॉक्टरांशी बोलणं झालंय. पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन येतील आणि गुंडूला बेळगावला नेतील. तोंडातून नळीनं घालावं लागलं तर तेही तिथं होईल. शुक्रवारी शेवटचा प्रयत्न करून बघा म्हणाली. आणि तो इकडं आला की त्याच्यासाठी मलाही इथंच राहावं लागेल, असं काहीतरी ती बोलू लागली आणि मधेच थांबली. पुढचं पार्वतीबाईंनी मनात पुरं केलं. एकदा का साप बेळगावला गेला की त्याच्यामागून सगळं घर जाणार होतं.

गुरुवारी रात्री त्यांनी शेवटचा उंदीर खालच्या कप्प्यात काढून ठेवला आणि देवापुढं जास्तीची एक वात लावली.

शुक्रवारी तांबडं फुटायला खानापूरकडून फोन आला. परशुरामांचे चुलते म्हादूकाका गेले. नव्वदी ओलांडलेला म्हातारा, झोपेतच गेला, सोन्यासारखं मरण आलं म्हणायचं. पण भाऊकीतलं मरण, म्हणजे दहा दिवसांचं सुतक आलं. नवरा-बायको दुकान बंद करून गावी गेले, म्हाताऱ्याला पोचवलं, आणि दिवस कलायच्या आत परत येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. पार्वतीबाईंनी देवघराचा पडदा ओढला. मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी उचलून वर फळीवर ठेवली. सुतकात घरात फोडणी नाही, हळद नाही. डाळ-भात करायचा तोही पांढरा. ते सगळं करताना त्यांच्या लक्षात आलं की बुटक्या फ्रीजमध्ये उंदीर सुटून पडलाय.

आता आली का पंचाईत. परत बर्फात ठेवता येत नाही. उद्यावर ढकलता येत नाही. परवा तर डॉक्टर येणार. आणि सुतकाच्या घरात मांस शिवायचं कसं? त्यांनी नवऱ्याला विचारलं. परशुराम ओसरीवर गुडघे चोळत बसले होते.

"सापाला कसलं सुतक?" ते म्हणाले. "म्हादूकाकांनी त्याला कधी बघितलंबी न्हवतं."

पार्वतीबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःच न्यायनिवाडा केला. म्हशीला सुतक नाही हे खरं. मांजराला नाही हेही खरं. पण ती दाराबाहेरची. गुंडू सुनेच्या खोलीत राहतो, घराच्या छपराखाली जेवतो, निदान जेवायला बसतो. सुनेनं ज्याला पोटच्यासारखं वाढवलं तो घरातला नाही म्हटलं, तर सूनही मग कुणाची? घरातला म्हटला की सुतकही आलंच, मधला रस्ता नाही. राहता राहिलं मांस. आजारी माणसाला, लहान पोराला सुतकात उपाशी ठेवत नाहीत, जे लागेल ते देतात. गुंडू आजारी होता, आणि पोरापेक्षा शहाणा होता असंही म्हणता येत नव्हतं. तेव्हा मांस चालेल. पण हळद नाही. सुतकात ती कुणालाच नाही, तर त्याला कशी?

निवाडा झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. उंदीर पिशवीत घातला, कोमट पाण्यात ठेवला, पोट दाबून बघितलं, पुसला. हळदीच्या वाटीकडं हात सवयीनं गेला तेव्हा जागा रिकामी होती. खोलीतला दिवा मंद केला. झाकण उघडून चिमटा आत घातला आणि मनगट हलकं हलवू लागल्या.

"खा रे बाबा," त्या म्हणाल्या. "परवा तुला न्हेणार हाईत."

मडक्याच्या तोंडाशी जीभ दिसली. मग डोकं. गुंडू नेहमीसारखा सावकाश पुढं आला, नेहमीच्या जागी थांबला. पार्वतीबाईंनी डोळे मिटून घेतले, कारण त्याचं मागं वळणं त्यांना आता बघवत नव्हतं.

चिमट्याला असा हिसका बसला की त्या स्टुलावरून पडता पडता राहिल्या. डोळे उघडले तर उंदीर गुंडूच्या वेटोळ्यात होता. दोन फेरे आवळलेले, आणि डोकं त्यात खुपसलेलं. पार्वतीबाई हलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यानं पकड सैल केली, उंदराचं तोंड शोधलं, आणि आपला जबडा इतका फाकवला की तेवढं तोंड त्याला होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. सावकाश, घाई न करता, एकेक बाजूनं ओढत त्यानं घास आत घेतला. शेवटी शेपटी तेवढी बाहेर राहिली, मग तीही गेली. गळ्याशी आलेला फुगवटा हळूहळू मागं सरकला. गुंडूनं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं, मिटलं आणि मडक्यात गेला.

ज्या दोन गोष्टींची जन्मभर शिसारी होती, त्यातली एक दुसरीला गिळताना बघून पार्वतीबाई रडत होत्या. आनंदानं रडत होत्या, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी फोन लावला. आपणहून सुनेला फोन लावायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"खाल्लं," त्या म्हणाल्या.

पलीकडून पूजानं कोण, काय, असं विचारलं.

"गुंडूनं खाल्लं. समदं. शेपटी आत जाईस्तवर बसून बघितलं मी."

पूजानं विचारलं की आज वेगळं काय केलं. पार्वतीबाईंनी आठवून बघितलं. वेगळं असं काहीच नव्हतं. पाणी तेच, चिमटा तोच.

"काय न्हाई गं. म्हादूकाका गेले न्हवं, सुतक हाय. म्हणून हळद तेवढी लावली न्हाई."

"हळद?"

"हळद-मीठ. दर खेपंला लावतोय तेच."

बोलता बोलताच पार्वतीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जवळ येऊन, जीभ काढून, मागं वळणारा गुंडू त्यांना आठवला. हळद वाढवली त्या दिवशी तर त्यानं डोकंही बाहेर काढलं नव्हतं. तो उपाशी राहिला तो त्यांच्याच हातानं.

"आत्ती," पूजा हळू म्हणाली, "उंदराला कुणी हळद लावतं व्हय?"

"मग काय करू?" पार्वतीबाईंचा आवाज फुटला. "घरातल्या कुणाला आजवर बिनहळदीचं घातलंय का मी? त्याला एकट्यालाच कसं घालू?"

आता पूजा हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. ती रडत होती, आणि मागं तिची आई काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. रडत रडतच पूजा बोलली.

"मला वाटलं हुतं, तुम्ही..."

"ठावं हाय मला काय वाटलं हुतं ते," पार्वतीबाई म्हणाल्या. "माझ्याच तोंडचं हुतं ते. इसरून जा आता."

मग पूजानं नाक ओढत समजावलं. साप जिभेनं वास घेतो, हळद लागली की त्याच्या लेखी तो उंदीरच राहत नाही, नुसतं पिवळं काहीतरी होतं. पार्वतीबाई ऐकत होत्या आणि हूं हूं करत होत्या. डॉक्टरांना आत्ताच फोन करून येऊ नका म्हणून सांगते, असं पूजा म्हणाली. आणि उंदरांचा नवा डबा मागवते. कुठल्या पत्त्यावर, असं पार्वतीबाईंनी भीतभीत विचारलं.

"कुठल्या म्हंजे? रामनगरच्या," पूजा म्हणाली. "आपल्या घरी."

दहाव्या दिवशी सुतक फिटलं. सगळं घर धुऊन काढलं, देवघराचा पडदा सरला, हळदीची वाटी फळीवरून खाली आली आणि परशुरामांनी कितीतरी दिवसांनी पिवळी आमटी ओरपली. गुंडूचं सुतक तेवढं फिटलं नाही. त्याचा घास पांढराच राहिला, आणि तो दर खेपेला खाऊन डेरेदार होत गेला. परसातली केळ मात्र जराशी सुकली.

पूजाला मुलगी झाली. गुढीपाडवा झाल्यावर ती लेकीला घेऊन आली. पार्वतीबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीला पोटाशी धरलं. पूजानं पाय धुतले आणि आधी गुंडूची पेटी गाठली. उचलून बघितलं, हातात भरतोय याची खात्री केली. त्या दिवसापासून खोलीचं दार उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाईंनी न्हाणीघरात पाट मांडला. पाय लांब करून बसल्या आणि पायांवर नातीला घेतलं. बाजूला तेलाची वाटी, डाळीचं पीठ, साय, आणि हळद. त्यांच्या आईनं असंच न्हाऊ घातलं होतं, सासूनं असंच. बोटं हळदीत बुडवली आणि पोरीच्या पोटापर्यंत नेता नेता त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडं बघितलं. पूजा टॉवेल घेऊन उभी होती.

"पूजा," त्यांनी विचारलं, "हिला लावू न्हवं?"

या घरात आल्यापासून सासूनं आपल्याला काही विचारल्याचं पूजाला आठवत नव्हतं. ती चौकटीला टेकून उभी राहिली, आणि मग आत येऊन त्यांच्याजवळ बसली.

"लावा, आत्ती," ती म्हणाली. "हिला लावा."